गाठोड्यातला वाटा

सात लुगड्यांवर स्टीलचा एक डबा, तोही झाकणासकट. बोहारणीनं शेवटचा भाव सांगितला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. सासूबाईंची पत्र्याची पेटी ओसरीवर उघडी पडली होती. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली, तरी ती पेटी मी उघडली नव्हती. पण यात्रा तोंडावर आली होती आणि घरात पांघरुणं कमी पडत होती.

आमचं सारंगखेडा म्हणजे तापीकाठचं गाव. एकमुखी दत्ताचं देऊळ आणि दत्तजयंतीच्या यात्रेतला घोडेबाजार यामुळे तुम्ही नाव ऐकलं असेल. मार्गशीर्षात इथं घरोघरी पाहुणा असतो आणि पाहुणा म्हटला की अंथरूण-पांघरूण आलंच. नदीवरून येणारा त्या दिवसांतला गारठा असा, की विकतच्या चादरीला तो जुमानत नाही. त्याला गोधडीच लागते.

तर पेटी उपसता उपसता तळाशी एक गाठोडं लागलं. धडप्यात घट्ट बांधलेलं. बोहारीण म्हणाली, "त्या चिंध्याही देऊन टाका, वर एक वाटी देते." मी सहज गाठ सोडली. आत तुकडे होते. चौकोनी, तिकोनी, नीट कापलेले, धुऊन घडी घातलेले. सासऱ्यांच्या धोतराचा काठ, सासूबाईंच्या माहेरच्या लुगड्याचा हिरवा पदर, यांच्या शाळकरी शर्टाचा खिसा, आणि एक निळा-पांढरा फ्रॉक. फ्रॉक मात्र कापलेला नव्हता. शाळेचा गणवेश, खांद्याशी ठिगळ लावलेला. माझ्या नणंदेचा.

मी बोहारणीला सांगितलं, "डबा राहू दे. आज काही द्यायचं नाही."

तिनं कपाळाला हात लावला. तिचं दुपार फुकट गेलं होतं, तिचंही बरोबर होतं. चहा पाजून तिला वाटेला लावलं.

आता इथं मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी बचत गटाचं काम करते. गटाच्या बैठकीत बायकांना कायदे समजावून सांगते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हे महाराष्ट्रानं १९९४ सालीच केलं. तेव्हा लग्न झालेल्या मुली मात्र त्यातून सुटल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर कायदा बदलला, त्यात लग्न झालेल्याही आल्या. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर स्पष्टच सांगितलं, की हा हक्क जन्मानं येतो, कायदा बदलला त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते, यावर तो अवलंबून नाही. हे सगळं मी फळ्यावर तारखा लिहून सांगते. बायका वहीत उतरवून घेतात.

त्या यात्रेच्या आधीच्याच बैठकीत गटातल्या एका वयस्कर बाईनं मला विचारलं, "ताई, तुम्ही आम्हाले कायदा सांगतात. तुमच्या नणंदबाईंचं काय झालं व्हतं?"

काय झालं होतं? सगळ्यांच्या घरी होतं तेच. सासरे गेल्यानंतर वर्षभरात ताईंना निरोप धाडला, सही करून जा. हक्कसोडपत्र. 'भाऊ आहे तोवर माहेर आहे' असं चारचौघांनी सांगितलं. ताई आल्या, सही केली. मी काय केलं? मी पोहे केले. आलेल्या साक्षीदारांना दोनदा चहा दिला. आणि सही झाल्यावर बहिणीला द्यायची ती साडीचोळी मीच शहाद्याला जाऊन, चार दुकानं फिरून, पसंत करून आणली होती. चांगली भारीतली, चमकदार, जांभळ्या रंगाची. ताईंनी कुंकू लावून घेतलं, ओटी घेतली, आणि साडी तेवढी पलंगावर ठेवून निघून गेल्या. कुणी काही बोललं नाही. त्या वर्षापासून त्या आखाजीला आल्या नाहीत.

आखाजी म्हणजे काय हे खानदेशातल्या बाईला सांगायला नको. बाकीच्या मैत्रिणींसाठी सांगते. अक्षय्य तृतीया. तुमच्याकडे दिवाळीला लेक माहेरी येते, आमच्याकडे आखाजीला येते. झाडाला झोका बांधायचा, गाणी म्हणायची, मांडे-आमरस खायचे आणि सासरचं सगळं विसरायचं. सासूबाई दर आखाजीला दारात बसून असायच्या. कुणाची वाट बघता असं विचारलं की म्हणायच्या, "कोणी नै. वारा खाई ऱ्हायनू."

तर हे गाठोडं कशाचं ते मला आता कळलं. गोधडी लेकीसाठी होती. ताईंना घरातून मिळालेला वाटा म्हणाल, तर तो एवढाच होता आणि तोही शिवायचा राहिला होता.

मी शिवणकामातली नाही. बी.ए. मराठी घेऊन केलं, भाषण करते, अर्ज लिहून देते, पण सुई हातात घेतली की घाम फुटतो. नवीन लग्न झालं तेव्हा सासूबाईंच्या गोधडीला मी हौसेनं चार टाके घातले होते. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन बघितले आणि म्हणाल्या, "हाऊ टाका शे का घोडानी टाप?" घोड्यांच्या गावातली बाई, दुसरी उपमा सुचणार कुठून! त्यानंतर पंचवीस वर्षं मी गोधडीकडे फिरकले नाही. त्यामुळे कुठलंही शास्त्र मला येत नव्हतं. शेजारच्या आजींना धरलं. त्यांचे हात आता थरथरतात, पण तोंड शाबूत आहे. खाटेवर बसून त्यांनी मला जे जे सांगितलं, ते तुमच्याही कामी येईल म्हणून लिहिते.

पहिलं, कापड सुतीच हवं. नायलॉन, पॉलिस्टर आत गेलं की ते सरकतं, टाका धरून ठेवत नाही, वर अंगाला गरम लागतं ते वेगळंच. दुसरं, सगळं कापड आधी सोड्याच्या पाण्यात उकळून घ्यायचं, म्हणजे खळ निघते, आटायचं ते आधीच आटतं आणि मऊ होतं. हूक, बटणं, काज, जाड शिवणी काढून टाकायच्या. सुई तुटते ती तिथंच. जीन पॅन्टचं कापड कितीही मोह झाला तरी आत घालायचं नाही. दोरा जाड सुती घ्यायचा आणि मेणबत्तीवर एकदा ओढून घ्यायचा, मग तो फुगत नाही. बोटात अंगुस्तान हवंच. मी दोन दिवस तसंच शिवलं आणि तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता येईनात.

माप हातानं. चार हात लांब, तीन हात रुंद. म्हणजे सहा फूट बाय साडेचार. खालच्या अस्तराला सासूबाईंचं मालेगावच्या मागावरचं लुगडं. त्याचा पन्हा अडीच हातांचा, म्हणून दोन्ही बाजूंना दुसऱ्या लुगड्याचे काठ जोडले. आत तीन पदर जुन्या धोतरांचे आणि विटक्या पातळांचे. वर तुकड्यांची बेगड. हे सगळं ओसरीवर अंथरून, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवून, आधी लांब लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यायचं. एवढं होईपर्यंत यात्रा संपली, घोडे गेले, पाळणे उतरले, संक्रांत झाली आणि जानेवारीही संपत आला.

तुकडे जोडताना एक तुकडा ओळखीचा वाटला. पिवळ्यावर तांबडे ठिपके. माझ्या पहिल्या दिवाळीचं पातळ! ते दोरीवरून उडून गेलं असं मी इतकी वर्षं समजत होते. फाटल्यावर सासूबाईंनी त्याचा बरा भाग काढून ठेवला असणार. लेकीच्या गोधडीत सुनेचा तुकडा. मी तो मधोमध न लावता एका कडेला लावला. मधोमध लावायची हिंमत झाली नाही.

आणि पेटीतच ती जांभळी साडीही होती. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. किती दिवस मनात चाललं होतं, की हीसुद्धा कापून लावावी, म्हणजे सगळं एकत्र होईल. शेजारच्या आजींनी दोन बोटांत धरून चुरगाळून बघितली आणि परत केली. "हाई नै चालाव. सरकी जाई." भारीतली म्हणून घेतलेली साडी गोधडीच्या लायकीचीही निघाली नाही.

आता शिवायची रीत. काही ठिकाणी ओळींनी शिवतात, उभ्या नाहीतर आडव्या. आमच्या आजींनी फेऱ्यांची सांगितली. काठापासून सुरुवात करायची, चारी बाजूंनी धावदोरा घालत यायचं, सुरुवात केली तिथं पोचलं की बोटभर आत सरकायचं आणि दुसरा फेरा. असं करत करत मध्यापर्यंत. म्हणजे गोधडी आवळली जात नाही, फुगा कुठे राहिला तर तो आत आत ढकलला जातो.

मी हिशेबाची बाई, गटाच्या वह्या लिहून सवय झालेली. कागदावर मांडलं. दोन फेऱ्यांत पाऊण इंच अंतर धरलं तर सगळे मिळून छत्तीस फेरे. पहिला फेरा एकवीस फुटांचा. पुढचा प्रत्येक फेरा अर्ध्या फुटानं कमी. छत्तिसावा जेमतेम साडेतीन फूट. एकूण चारशे एक्केचाळीस फूट टाका! कागद बघून मी गार पडले. पाच हात दोरा घेतला, दुहेरी केला, की तो अडीच फूट चालतो. त्याहून लांब घेतला की गुंतलाच. मग ठरवलं, दिवसाला दोन सुया. जास्त नाही, कमीही नाही. दुपारची भांडी झाली की एक आणि रात्री टीव्हीवरची मालिका लागली की दुसरी.

पहिला फेरा पुरा व्हायला चार दिवसांच्या वर लागले. दुसरा तेवढाच. आठवड्यानं बघितलं तर सहा फूट बाय साडेचार फुटांच्या मैदानात काठाला दीड इंचाची पट्टी भरलेली. वैताग आला. पण या रीतीत एक गंमत आहे. सगळ्यात लांब, सगळ्यात कंटाळवाणे फेरे आधी येतात, जेव्हा हात सगळ्यात कच्चा असतो. पंधराव्या फेऱ्याला मी तीन दिवसांत यायला लागले. पंचविसाव्याला दोन. हात बसला म्हणून नव्हे हं, फेराच आखूड झालेला! तरी आपल्याला वाटायचं ते वाटतंच.

मध्ये लग्नाच्या तिथी होत्या, गटाचा हिशेब होता, चार-सहा दिवस नागा झाला. त्याची भरपाई म्हणून एका रात्री पाच सुया घातल्या. सकाळी बघितलं तर टाके वेडेवाकडे, एका ठिकाणी साडीचा पदरच गोधडीला शिवून टाकलेला. तेवढं उसवलं. तेव्हापासून दोन म्हणजे दोन.

या काळात मी लायब्ररीतून, मोबाइलवरून मिळेल ते वाचत गेले. संस्कृतात गोधडीला कंथा म्हणतात आणि बंगालची काथा तिचीच लेक. बिहारात सुजनी. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी लोक राहतात, मूळ आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका कवंडी शिवतात आणि तीही अगदी अशीच, काठाकडून आत. शेवटी चार कोपऱ्यांना फुलं लावतात, त्याशिवाय ती पुरी झाली असं धरत नाहीत. आणि पार अमेरिकेत, अलाबामा राज्यात, जीज बेंड म्हणून नदीच्या वळणावरचं एक खेडं आहे. तिथल्या काळ्या बायका, ज्यांच्या पणज्या कापसाच्या मळ्यात गुलाम होत्या, त्या कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. २००२ साली त्या गोधड्या मोठ्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. गंमत बघा, १८६१ ते ६५ मध्ये तिकडे गुलामगिरीवरून यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला, आणि आपल्या खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्यांचं आपलं नातं असं जुनं. आपल्याकडे गोधडी भिंतीवर चढली नाही, पण गाडगेबाबांनी ती अंगावर घेतली. चिंध्या जोडलेलं पांघरूण घेऊन फिरले म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणायचे.

असो. मी वाचत होते खरी, पण डोक्यात त्या बाईचा प्रश्न होता.

एका रात्री, विसावा-बाविसावा फेरा असेल, हे शेजारी पेपर वाचत बसले होते. गोधडीच्या कडेला यांच्या शर्टाचा खिसा होता, तो दिसला तसे थांबले. म्हणाले, "हा माझा?" मी म्हटलं, "हो. आणि तो निळा ताईंचा." फ्रॉक मी शेवटी कापला नव्हता, बाह्या दुमडून अख्खाच्या अख्खा मधोमध लावला होता. बराच वेळ गेला. मग मी सुई न थांबवता विचारलं, "ताईंच्या वाट्याचं काय करायचं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सुई हातात होती म्हणून बोलता आलं, वर बघावं लागलं नाही.

यांना राग आला. येणारच होता. "आता काय? सही करून दिली ना तिनं? तू तेव्हा का नाही बोललीस?" या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." पेपर आपटून हे झोपायला गेले. दोन दिवस जेवणापुरतं बोलणं. पण मी दोन सुया सोडल्या नाहीत.

आठवड्यानं हेच म्हणाले, वकिलाला विचारून येऊ. गेलो. नोंदवलेलं हक्कसोडपत्र असं सहजासहजी मागे घेता येत नाही, पण भावाला मनापासून द्यायचं असेल तर बक्षीसपत्रानं देता येतं, असं त्यांनी सांगितलं. मात्र शेताचा लहान तुकडा पाडायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो, तेव्हा किती द्यायचं ते मोजून ठरवा, म्हणाले. तुकडेबंदी! मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या हसू आलं. यांना का आलं नाही कोण जाणे. मोजणीचा विषय तिथंच आहे. अजून काही झालेलं नाही, हे खरं सांगते. आमच्या घरी या विषयाला चारशे फुटांच्या वर दोरा लागणार आहे.

पण आखाजीच्या चार दिवस आधी यांनी स्वतः फोन लावला. मी आत भाकरी थापत होते. ओसरीवरून एवढंच ऐकू आलं, "ये ना ताई. झोका बांधतो."

ताई आल्या. केस पांढरे झालेले, गुडघे दुखतात. दारात पाय धुतले, पाणी घेतलं, सासूबाईंच्या फोटोसमोर बसल्या. मी गोधडी आणून पुढ्यात ठेवली. एकतिसावा फेरा आदल्या रात्री पुरा झाला होता, पाच राहिले होते. सगळी पुरी करून द्यायची असं ठरवलं होतं, ते झालं नव्हतं. त्यांनी फ्रॉकवरून हात फिरवला. खांद्याचं ठिगळ सापडलं, तिथं बोट थांबलं. म्हणाल्या, "हे बांधावरच्या बोरीला अडकून फाटलं होतं. आईनं मारलं होतं मला."

मग त्यांनी गोधडी उलटी केली. टाका खरा कसा आहे ते मागच्या बाजूनं दिसतं, हे जाणतीलाच ठाऊक. चष्मा पुसला, वाकून पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हाऊ टाका शे का घोडानी टाप?"

अगदी तोच आवाज. मी हसले, त्याही हसल्या, आणि मग दोघींनाही काही सुचेना म्हणून मी आमरस करायला आत गेले. परत येऊन बघते तो ताई खाली मांडी घालून बसलेल्या, माझे एकतिसाव्या फेऱ्यातले वीतभर टाके उसवलेले, आणि नव्यानं बारीक टाके घालत होत्या. तांदळाएवढे. मी समोरच्या काठाला बसले. यांनी झोका बांधला, त्यावर शेजारची पोरं बसली.

जमिनीबद्दल मीच बोलले. वकिलाकडे गेलो होतो हे सांगितलं. ताईंनी मान वर केली नाही. "बघू," म्हणाल्या. "तो स्वतः बोलेल तेव्हा बघू." मला बोलायचा तेवढाच हक्क होता, मी गप्प झाले.

संध्याकाळपर्यंत त्यांचा एक फेरा झाला. बत्तिसावा. निघताना मी गोधडी पिशवीत घालायला लागले तर त्यांनी हात धरला. "ठेव इथंच. चार राहिलेत. मी येईन तेव्हा घालीन."

"दिवाळीला?"

"बघते. नवरात्राआधी सगळ्या गोधड्या नदीवर नेशीलच ना धुवायला, तेव्हा ही नेऊ नकोस. कच्चा टाका सुटेल."

जांभळी साडी मी बसथांब्यापर्यंत पिशवीत घेऊन गेले होते. काढली नाही. परत आणली. दोऱ्याचं रीळ संपलंय, ते मात्र शहाद्याहून आणून ठेवलं आहे, तोच पांढरा, तोच नंबर. सुई त्या फ्रॉकच्या खिशाजवळ टोचून ठेवली होती, तशीच आहे.